चोरलेली फांदीच जगते

पेनाच्या हातची फांदी जगत नाही, अशी कुजबुज आमच्या इमारतीत वीस वर्षं होती. फांदी देताना ती पानावर थुंकते, असंही कुणी म्हणे. कुणी म्हणजे मीच म्हणालो होतो, पण ते जाऊ द्या.

तिसऱ्या मजल्यावरची पेना द्रागिएवा शर्टांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. आता वय अठ्ठ्याहत्तर, पण जीभ अजून कात्रीसारखी. तिच्याकडे मुश्कातो या फुलझाडाच्या चौतीस कुंड्या. पुस्तकात या झाडाला पेलार्गोनियम म्हणतात. आम्ही पुस्तकाला विचारत नाही. उन्हाळाभर कुंड्या बाल्कनीत, ऑक्टोबर लागला की जिन्याच्या खिडकीत. घरातली ऊब या झाडाला मानवत नाही, नुसतं लांबट वाढतं आणि फुलायचं विसरतं. तळघरातल्या अंधारात तर सडतंच. त्याला हिवाळ्यात भरपूर उजेड, बेताची थंडी आणि पंधरवड्याला घोटभर पाणी लागतं, म्हणजे थोडक्यात जिना लागतो.

यंदा जिन्याला नवा रंग लागला आणि इमारतीचा कारभारी क्रूम गेरोव याच्या अंगात आलं. त्यानं दारात कागद चिकटवला: तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या गुरुवारपर्यंत तळघरात न्याव्यात, नाहीतर माणसं लावून उचलू. आम्ही सगळे खाली दारापाशी जमलो. पेना चपला फटफटवत उतरली.

"पेनामावशी, हा जिना आहे, रोपवाटिका नाही," क्रूम म्हणाला.

"तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईच्या घरात पाळण्यालाही जागा नव्हती. तिनं तुला तळघरात ठेवलं का रे?"

"इतरांच्या दोन-दोन कुंड्या आहेत. तुमच्या चौतीस."

"चौतीस नाहीत. मोजायला वर बघ." तिनं बोट दाखवायला सुरुवात केली. "पहिल्या मजल्यावर झ्लात्काकडे पानावर तपकिरी कडं असलेला गुलाबी आहे, तो माझा. दुसऱ्यावरचा लोंबणारा, वेलीसारख्या चकचकीत पानांचा, तोही माझा. आणि या म्हाताऱ्याच्या खिडकीत मोठ्या तोंडाचा, पाकळ्यांवर काळे डाग असलेला बसलाय ना? मे महिन्यात एकदा फुलतो आणि वर्षभर रुसतो. मालकावर गेलाय."

म्हातारा म्हणजे मी. मी बुटांकडे बघितलं.

"आणि क्रूम, तुझ्या दारातला वासाचा मुश्कातो, इंद्रिशे? फुलं नावाला, पण पान चुरडलं की गुलाबाचा वास. तुझी बायको बिहीच्या मुरंब्यात तेच पान टाकते. तो कुठून आला?"

क्रूमनं बायकोकडे पाहिलं. स्नेझाना जराही लाजली नाही. "चोरला," ती म्हणाली. "सगळ्यांनीच चोरलेत. मागून आणलेली फांदी मुळं धरत नाही, चोरलेलीच धरते, आणि आभार मानायचे नसतात. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही का तुला?"

"चोरलेला माल मूळ मालकाचाच," पेना म्हणाली. "उचलायचे तर सगळ्यांचे उचल. मी जिवंत आहे तोवर माझं एकही झाड तळघर बघणार नाही. मी स्वतः या इमारतीतून जाईन ती चौघांच्या खांद्यावर."

आणि ती वर गेली. मधल्या मजल्यावर धाप लागून थांबली, पण कठडा काही धरला नाही.

बुधवारी दुपारी क्रूम नगरपालिकेत गेला होता. तेवढ्यात झ्लात्कानं पेनाच्या पाच कुंड्या स्वतःच्या दाराशी नेल्या, मी कंबर धरत सहा नेल्या, बाकीच्यांनी बाकीच्या. पेनानं कुणाला बोलावलं नव्हतं. ती दारात उभी राहून ओरडत होती, "पानं भिजवू नका, फक्त माती. आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. खालची पानं पिवळी पडली तर समजेन कुणी लाड केले ते."

गुरुवारी दोन मजूर आले. "त्या बाईंच्या कुठल्या?"

"ही माझी," झ्लात्का म्हणाली.

"ही माझ्या सासूची," मी म्हणालो. माझी सासू जाऊन तीस वर्षं झाली.

असं करत करत ते क्रूमच्याच दाराशी पोचले. तिथं नऊ कुंड्या होत्या आणि हाताची घडी घालून स्नेझाना. "यातली एक हलली, तर यंदा मुरंबा नाही," ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली.

क्रूमनं मजुरांना कॉफी पाजून परत पाठवलं. संध्याकाळी दारावर नवा कागद होता: कुंड्या भिंतीला लावून ठेवाव्यात.

आता त्या कुजबुजीचं. दर ऑगस्टला पेना स्वतःच बारा फांद्या कापायची, पानाच्या पेराच्या जरा खाली. तळची पानं खुडायची, काप सुकावा म्हणून फांद्या दिवसभर जिन्याच्या खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवायची, आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. तिच्या हातची फांदी जगत नाही ही अफवा तिनंच उठवली होती, कुणी मागायला येऊ नये आणि सगळ्यांनी चोरावं म्हणून.