खंडेनवमीला पुजलेला अलार्म

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिकल पॅनलमधला माणूस. अंबडला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. करंट आला की दिवा लागतो, नाही आला की लागत नाही, यापलीकडे माझी श्रद्धा नाही. कुणी अमानवीय वगैरे सुरू केलं की मी सरळ विषय बदलतो. आणि आज मीच लिहायला बसलोय... काय करणार, माझं डोकं खाऊन झालं, आता थोडं तुमचं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. मखमलाबादच्या पुढे पाटालगत आमचा मळा. भाजीपाला आणि झेंडू. मळ्यातल्या घरात मी, बायको सुनंदा आणि माझे वडील, नाना. त्या वर्षी आसपासच्या मळ्यांत भरदिवसा चोऱ्या होत होत्या. सगळे रानात, घर उघडं. त्यात नानांना साखरेचा त्रास, आणि दिवसभर घरात ते एकटेच. आधी मी वायरवाली बेल बसवली होती, तिची वायर घुशींनी खाल्ली. म्हणून वायरलेस अलार्म आणला.

वस्तू खरंच छान होती हो! भिंतीला भोकं पाडायची भानगड नाही, घुशींना खायला वायर नाही. दाराला एक सेन्सर, भिंतीवर भोंग्याचा डबा, आणि एक छोटा रिमोट – त्यावरचं लाल बटण दाबलं की भोंगा थेट पाटापर्यंत ऐकू येणार. लाइट गेली तरी सेलवर चालू. त्या काळातलं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना याची किंमत कळेल. तो रिमोट मी काळ्या दोऱ्यात ओवून नानांच्या गळ्यात घातला. म्हटलं, "नाना, चक्कर आली, काही झालं, की फक्त हे दाबा."

नानांनी तो दुसऱ्याच दिवशी खुंटीला अडकवला. "मी काय बैल हाय का, गळ्यात घुंगरू बांधून फिरायला?"

मग रोजची कटकट. मांजर शिरलं, भोंगा. नाना मोटार चालू करायला बाहेर पडले, भोंगा. मी कामावरून दमून आलो की आधी तक्रार ऐकायची. "लय वरडतं रे ते!" मी समजावायचो, चिडायचो, पुन्हा रिमोट गळ्यात घालायचो, तो पुन्हा खुंटीवर. पालथ्या घड्यावर पाणी.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पुजतात. त्या दिवशी त्यांना विसावा, कुणी हात लावायचा नाही. पण झेंडू हातानेच तोडायचा असतो आणि दसऱ्याचा बाजार काही थांबत नाही. म्हणून मी आणि सुनंदा सकाळीच पाटाकडच्या वावरात गेलो. पूजा नाना करणार होते.

ऊन तापलं तेव्हा भोंगा वाजला. नेहमीचाच, कान फाडणारा. मी वैतागून म्हणालो, "मांजर असेल." सुनंदा म्हणाली, "अहो, थांबतच नाहीये. बघून या ना." शेजारच्या वावरातून दत्तूभाऊही ओरडले, "आरं, तुझं ते यंत्र बोंबलतंय!"

शिव्या देत निघालो. अंगणात पोचलो आणि आवाज बंद झाला. नाना हौदाजवळ पालथे पडले होते. अंग घामाने गार, डोळे अर्धवट उघडे. मी हाका मारतोय आणि ते ओळखतच नाहीत. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. नवरात्राचे उपास चालू आणि त्यावर साखरेची गोळी घेतलेली... साखर पार उतरली होती. पूजेतला गूळ त्यांच्या हिरड्यांना चोळला आणि दत्तूभाऊंच्या टेम्पोतून पंचवटीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

संध्याकाळी नानांना घेऊन घरी आलो, आणि तेव्हा कुठे नीट पाहिलं.

देवापुढच्या लाकडी पाटावर विळे, खुरपी, कुदळ, तराजू मांडलेले. त्यांच्याच रांगेत भोंग्याचा डबा. अडॅप्टर काढून बाजूला गुंडाळलेला. डब्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. ताटात रिमोट, आणि शेजारी काढून ठेवलेले सगळे सेल. रिमोटचाही.

नानांना विचारलं तर म्हणाले, "त्यालाबी एक दिस इसावा नको का? सकाळीच काढले मी सेल." आमच्या कंपनीतही त्या दिवशी मशिनं बंद ठेवून पूजाच करतात.

आता तुम्ही म्हणाल, कपॅसिटरमध्ये चार्ज राहिला असेल. मीही तेच म्हणालो होतो. सेल काढून शंभरदा बघितलं, साधं चूंसुद्धा करत नाही. दुसऱ्या कुणाचा भोंगा? त्या भागात कुणाकडे नव्हता. भास? मग तो तिघांना कसा झाला? ज्याच्याकडून आणला तो दुकानदार माझ्याकडे पाहून हसला. "असं होऊच शकत नाही, सर." अरे बाबा, तेच तर मीही म्हणतोय!

सुनंदा म्हणते, देवीने वाजवला. नाना तर त्याहून पुढे. सेल परत घालूच देईनात. "बिनसेलचं वाजतंय की! पुजल्यालं हत्यार हाय ते." बापाशी भांडून भांडून शेवटी मीच ते घातले. चार्जिंगचे सेल आणि चार्जर आणला, दर आठवड्याला भोंगा तपासायचो, रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शिवून टाकला. एवढं तरी माझ्या हातात होतं.

दोन-तीन वर्षांनी एका दुपारी नाना जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. मी अंगणातच पाण्याची नळी जोडत होतो. सेल नवे होते, लाइट होती, रिमोट खिशात होता. भोंगा वाजला नाही.

त्या दिवशी तो का वाजला नाही, हे मला नीट कळतं. बटण कुणी दाबलंच नाही. पण मग खंडेनवमीला ते कुणी दाबलं होतं? आणि ज्याने दाबलं, तो या वेळी कुठे गेला होता? याचाच मला अजून राग येतो.