एलीआस नावाचा अर्थ

"अर्थ काय ओ याचा?" चाचांचा हा ठरलेला प्रश्न. डब्यावरचं अक्षर असो की जहाजाचं नाव, हातातलं काम थांबवून विचारायचे. शाळेत गेले नव्हते, पण शब्द तसाच सोडून देणं त्यांना जमायचं नाही. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि कधीतरी झटकलाही असेल.

साठच्या दशकात मी दुबईत बंदराचं काम करणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो. चाचा रत्नागिरीकडचे, कंपनीच्या स्पॅनिश इंजिनिअरच्या बंगल्यावर आचारी. साहेब-मॅडमना मुलगा झाला, नाव ठेवलं एलीआस. आठवड्याभराने दुपारी साहेबांचा डबा घेऊन चाचा ऑफिसात आले ते चेहरा उजळूनच.

"मुनशी, बाळाचं नाव इलियास! आमचंच नाव ना हे? अर्थ काय ओ त्याचा?"

मी टाइप करत होतो. स्पॅनिशचं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळली नाही.

"चाचा, ते त्यांचं नाव. तुमच्या इलियासशी काही संबंध नाही. आणि असं बिघडवून म्हणू नका, मॅडम रागावतील."

"बरं," म्हणाले आणि डबा ठेवून गेले.

त्यानंतर ते त्या मुलाला नुसतं 'बाबा' म्हणू लागले. वर्षभरात दमा वाढला, तसे बोटीने गावी परतले.

मग एकदा मॅडम ऑफिसात आल्या. "चाचा माझ्या मुलाला इलियास म्हणायचे, मला फार आवडायचं. एकदम का थांबले?" पुढे त्यांनीच सांगितलं, नाव मूळचं हिब्रू, एका पैगंबराचं. 'परमेश्वर हाच माझा देव' असा अर्थ. स्पेनमध्ये एलीआस, अरबीत इलियास. नाव एकच.

त्याच संध्याकाळी मी दुबईतच राहणाऱ्या, चाचांच्या गावच्या एका शिंप्याकडे पत्ता मागायला गेलो. नावाची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "इलियास त्यांचा थोरला. चाचा इकडे असताना तिकडे तापाने गेला. दहा महिन्यांचा होता. त्यांनी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं."

पत्ता घेऊन आलो, पण पत्र दोन महिने लिहिलं नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर चूक कबूल करायची नव्हती.

शेवटी सगळं लिहिलं. उत्तर त्यांच्या पुतण्याचं आलं. माझं पत्र पोचायच्या तीन आठवडे आधी चाचा गेले होते.

"तुमचं पत्र चाचीला वाचून दाखवलं," त्याने लिहिलं होतं. "नावाची ओळ आली तिथे तिने मला थांबवलं. तेवढंच पुन्हा वाच म्हणाली. मी तीनदा वाचलं."