आमच्या कलमांतले चार शब्द

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इंग्रजी घेऊन बी.ए., वर बी.एड. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

रत्नागिरीतल्या एका हायस्कूलात इंग्रजीची एकच जागा निघाली. उमेदवार दोघी: मी, आणि मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेली, लग्न होऊन रत्नागिरीतच मांडवीला आलेली माझी आतेबहीण. पाठ दोघींना एकच. होप, एक्स्पेक्ट, अँटिसिपेट आणि लुक फॉरवर्ड यांतला फरक नववीला समजवायचा.

पाठाच्या आदल्या रविवारी ती गावी आमच्याकडे आली. आंब्याची कलमं मोहोरली होती. बाबा खळ्यात फवारणीचा पंप धूत होते, ही त्यांच्याशी गप्पा मारत बसली. मी आत डिक्शनरी पाठ करत होते. मनात म्हटलं, बस बोलत, जागा माझीच.

पाठाला तिचा नंबर आधी. मी बाहेर बाकावर, खिडकी उघडी.

"मोहोर आला की होप. कैरी सुपारीएवढी होऊन टिकली की एक्स्पेक्ट. मोहोरावर तुडतुड्यांची कीड येणार म्हणून आधीच पंप पाठीवर घेतला, ते अँटिसिपेट. आणि मे महिन्यात मुंबईचे काका येणार म्हणून दिवस मोजता ना, ते लुक फॉरवर्ड."

"बाई, आमचे काका आंब्यांची पेटी न्यायलाच येतात!" वर्ग हसला. तीही हसली.

माझ्या अंगाची आग झाली. पंप माझ्या बापाचा, कलमं माझ्या बापाची, आणि टाळ्या हिला! माझ्या वेळी मी डिक्शनरी म्हणून दाखवली. मागच्या बाकावरचा एकजण सरळ जांभया देत होता.

जागा तिला मिळाली. घरी येऊन मी बाबांवरच घसरले, "तिला कशाला सांगितलंत सगळं?"

"तिनं विचारलान, मी सांगितलं. तू कधी विचारलंस गो?"

कधीच नाही. उलट दहावीपासून, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं," असंच मी त्यांना ऐकवत आले होते.

पुढच्या वर्षी मला लांज्याला नोकरी लागली. दर जानेवारीत हे चार शब्द मी मोहोरावरूनच शिकवते. पोरांना पटकन कळतात. तरी दर वेळी तिचाच आवाज कानात येतो आणि तो मला अजून सहन होत नाही.

परवा एका लग्नात तिनं विचारलं, "ते चार शब्द तू कसे शिकवतेस गं?"

"डिक्शनरीतून," मी म्हटलं.