मशीन चालेल अशी खोली

भांडण भिंतीपलीकडचं होतं, पण भिंत इतकी पातळ की मी मध्ये बोलले असते तर त्यांनी मलाही उत्तर दिलं असतं.

"तुमची बहीण जन्मभर राहू दे, मी चकार शब्द काढणार नाही. पण ते मशीन या घरात नको. डोकं उठतं माझं."

"अगं, हळू बोल."

"मी का हळू बोलू? तुमच्या बहिणीचं मशीन बोलतं का हळू?"

ती बहीण तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या लेकीच्या फ्रॉकला दुमड घालत होती. ओठांत टाचण्या धरायची, म्हणून आळीभर तिचं नाव टाचणी. शेवटची टाचणी कापडात खोचून तोंड मोकळं झालं, तेव्हा म्हणाली, "वहिनी खोटं नाही बोलत गं. एवढंसं घर, पोरांचा अभ्यास, त्यात माझं हे धूड."

नवरा लवकर गेला तिचा. मागे राहिलं ते पायाने चालवायचं मशीन. त्याच्यावरच तिचं पोट.

मग तिने खोली शोधायला घेतली. स्वस्त खोल्या शहराच्या पार टोकाला, तिथवर पँट आखूड करायला गिऱ्हाईक कशाला येतंय? जवळच्यांचं भाडं ऐकूनच ती जिना उतरायची. खिशाला झेपेल अशी एखादी सापडलीच, तर आधी टाचेने फरशी ठोकून बघायची. खालच्या मजल्यावरून "कोण आहे रे वर?" असा आवाज आला, की संपलं.

"मावशी, राहायचंय की नाचायचंय?" दलाल वैतागला.

"नाचले तर भाडं कमी कराल?"

शेवटी एक मिळाली. तळमजल्याची, छापखान्याला लागून. छापखाना असा धडधडायचा की हिचं मशीन चाललंय की नाही ते हिलाच कळू नये. टाचणी खूश. घाईघाईने बिऱ्हाड हलवलं. निघताना वहिनीने घरातली नवी चादर तिच्या वळकटीत कोंबली आणि आत जाऊन रडली.

पण बाईने खोली पाहिली होती ती दिवा लावून. इतकी वर्षं भावाच्या खिडकीशी बसून शिवलं, उजेड वेगळा मागावा लागतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. या खोलीलाही खिडकी होती, फक्त बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लागेल एवढ्यावर. पहिल्याच आठवड्यात एका वकिलाच्या काळ्या कोटाला तिने गडद निळ्या दोऱ्याने अस्तर लावलं. दिव्याखाली दोन्ही काळेच. उन्हात गेल्यावर वकिलाला दिसलं. ओरडला नाही बिचारा, पण परत आला नाही.

मग ती प्रत्येक रीळ घेऊन रस्त्यावर जायची, कापडाशी लावून बघायची, परत आत. छापखान्यातले लोक म्हणायचे, "मावशी फिरायला निघाल्या." हसायची तीही. पण डोळे अधू झाले, बारीक काम सुटलं. राहिल्या त्या उशांच्या खोळी. पांढऱ्याला पांढरा दोरा, त्यात काय चुकणार!

शोध मात्र चालूच. पुढेपुढे घरमालक भाड्याआधी तिचं वय विचारायला लागले. "सोबत कोण?" म्हणायचे. ती म्हणायची, "मशीन."

परवाच्या हिवाळ्यात मला घेऊन एक खोली बघायला गेली. वरच्या मजल्यावरची, भाडं तिला कसंबसं झेपणारं. आणि खिडकीतून ऊन सरळ फरशीवर. टाचणी त्या उन्हात हात धरून बराच वेळ उभी राहिली. मालकीणही भली, म्हणाली, "चालवा की मशीन, आमचं काही म्हणणं नाही."

तेवढ्यात खालून कोणीतरी खोकलं. "सासरे आहेत," मालकीण म्हणाली, "अंथरुणाला खिळलेत. दिवसाच काय तो डोळा लागतो त्यांचा."

टाचणीने फरशी ठोकलीच नाही. म्हणाली, "नको बाई. दुसरं कोणी बघा."

जिन्यात मी भडकले, "अगं, ती हो म्हणत होती ना!"

"ती म्हणत होती. त्या म्हाताऱ्याला कोणी विचारलं?"

पुढच्याच आठवड्यात टाचणी गेली, झोपेतच. पण त्या दिवशी जिना उतरून आम्ही कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये गेलो, तिला खोळी द्यायच्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "ठेवा तिथे." तिने गठ्ठा सोडला, प्रत्येक खोळ पुन्हा घडी घालून रचली, शिवणी आतल्या बाजूला.

"साहेब, कुठे खोली आहे का हो? मशीन चालेल अशी?"

"नाही मावशी."

"बरं. कानावर आलं तर सांगा."

पुढच्या खोळींचं नवं कापड काखेत मारलं आणि मला म्हणाली, "चल, बस जाईल."