आधी पेन, मग प्रश्न

आमची वहिनी चाळिशीत प्रोग्रामिंग शिकायला बसली तेव्हा मी तिची यथेच्छ टिंगल केली. तिने मनावर घेतलं नाही. नोकरी मिळाली, पण अजून कच्ची होती, आणि हॉस्पिटलातले बेड ऑनलाइन राखून ठेवायचा प्रोग्राम तिच्या गळ्यात पडला होता. एकाच वेळी अनेकांनी बेड मागितले की कधीतरी एकच बेड दोन पेशंटना जायचा. ती शोधायला बसली की सगळं सुरळीत!

"बेड रिकामा आहे का, हे विचारूनच देते रे मी," ती वैतागायची. "मग चुकतंय कुठे?"

मला काय कळणार? मी चहा संपवून सटकायचो.

त्या सकाळी दादाने अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारलं, "इन्सुलिन झालं?"

"नाही."

तेवढ्यात दादाचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. मग वहिनी आली. तिनेही विचारलं, तेच उत्तर मिळालं. तिने इन्सुलिनचं पेन घेतलं, टोचलं, जागेवर ठेवलं आणि कामाला बसली. दादा परतला. त्याचं विचारून झालंच होतं. त्यानेही टोचलं.

मी आंघोळ करून आलो तर अण्णा घामाने थबथबलेले. हात थरथरत होते. त्यांनी मला वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली.

"दोनदा दिलं... डॉक्टरांनी वाढवलं वाटतं," ते पुटपुटले.

दादा-वहिनीने एकमेकांकडे पाहिलं. दादा डॉक्टरांना फोन लावत होता, वहिनी साखरेचं पाणी पाजत होती. चमचा अण्णांच्या दातांवर वाजत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"मी विचारलं होतं गं," दादा रडवेला झाला.

"मीही विचारलं होतं." वहिनी एकदम थांबली. "विचारणं आणि टोचणं, यांच्यामध्ये दुसरा शिरला. बेडचंही हेच होतंय." आणि अशा वेळी ऑफिस आठवलं म्हणून स्वतःवरच चिडून ती ढसाढसा रडली.

त्याच दिवशी तिने प्रोग्राम बदलला. आधी बेड अडवायचा, मग तो रिकामा आहे का ते पाहायचं, आणि काम पुरं होईपर्यंत सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दादा इन्सुलिन द्यायला गेला तर पेन जागेवर नव्हतं. वहिनी ते मुठीत धरून अण्णांसमोर उभी होती.

"अण्णा, झालं का?" तिने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. मग त्यांनी दादाचे हात रिकामे आहेत ना ते नीट पाहिलं, आणि मगच सदरा वर केला.