औषध म्हणून आणलेली सून

"एक्झिबिशनिझम," डॉक्टर म्हणाले. मग मराठीत सांगितलं, अनोळखी बाईसमोर उघडं व्हायची अनावर ओढ. माझ्या यजमानांनी विक्रोळीला कारखान्यामागच्या वाटेवर एका कामगार मुलीसमोर हेच केलं होतं. खटला उभा राहिला, तेव्हा वकिलांनी आम्हाला घाटकोपरच्या या दवाखान्यात धाडलं.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या आदीपासून. लगीन झाला की सुधारात, असा वाटला."

मला कुडाळहून सून म्हणून नव्हे, औषध म्हणून आणलं होतं, हे मला तिथे कळलं. वाटलं, उठावं आणि माहेरची एस्टी धरावी.

"लग्नाने हे जात नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि आजार आहे म्हणून गुन्हा माफ होत नाही."

मग दर मंगळवारी ओपीडी. बाकावरच्या बायका मलाच पेशंट समजून "होईल हो बरं" म्हणायच्या. मीही मान डोलवायची. गोळ्या होत्या, शिवाय बिहेवियर थेरपी, म्हणजे मनात आलं की ओळखायचं, सांगायचं आणि तिथून निघायचं. यजमान तोंड उघडेनात. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालायला गावी निघाल्या. "जरूर घाला," डॉक्टर म्हणाले, "पण याचा मंगळवार चुकवू नका."

बऱ्याच महिन्यांनी यजमान घरी येऊन म्हणाले, "आज मनात आलं होतं. मी परत फिरलो." आणि रडले. त्या दिवशी मी त्यांना मनापासून चहा दिला.

यजमानांना दंड होऊन खटला संपल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "त्या मुलीचं काय?"

"तिला कुणी आणलंच नाही," ते म्हणाले.

मी तिच्या चाळीत गेले. तिच्या आईने मला दारातच उभं केलं. मुलीने कामावर जाणं सोडलं होतं, नळावरसुद्धा येत नव्हती. तिलाही त्या डॉक्टरांकडे न्या, असं मी सांगितलं.

"आता कशाला? लग्न ठरलंय तिचं. झालं की विसरेल सगळं."

"मावशी, माझ्याकडे बघा. आमच्याकडे पण असंच म्हणाले होते. आधी डॉक्टर, लग्न नंतर."

"पत्रिका वाटून झाल्या गं," त्या म्हणाल्या आणि दार लोटलं.

यजमान आज सावरलेत, अजून दवाखान्यात जातात. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी असं काही असेल तर लपवू नका, पहिल्याच वेळी दवाखाना गाठा. आणि जिला सोसावं लागलं, तिची आधी चौकशी करा. आम्ही फक्त आमचा माणूस नेला.