पार्किन्सन्स आणि सात ताऱ्यांची चाल

"अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर आपटा. भरभर. थांबू नका," डॉक्टर म्हणाले.

उजव्या हातानं जमलं. डाव्या हाताची बोटं आधी नीट उघडली, मग त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं आणि शेवटी ती नुसती चिकटून राहिली. बोटं माझीच होती, पण माझं ऐकत नव्हती.

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हालचालीला ते वंगणासारखं लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हा आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो."

मी निमोण्याजवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. मला पहिला राग आजाराचा आला नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली, त्याचा आला. सकाळी तीच पिशवी मी उचलून आणली होती. मी ती परत घेतली.

सुरुवात खांद्यापासून झाली होती. दौंडला माझं माहेर. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, असं सांगून शेक दिला. पुढं अक्षर मुंगीएवढं झालं. एकदा कवायतीला सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा डावा हात हालतच न्हाई." खांद्याच्या व्यायामाला मी शिरूरला जायचे, तिथल्या फिजिओ डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं आणि पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. एमआरआय केला, त्यात काहीच निघालं नाही. हा आजार त्यात सहसा दिसत नाही. दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी तो करतात. तुमचाही रिपोर्ट नॉर्मल आला आणि शरीर मात्र ऐकत नसेल, तर घरी गप्प बसू नका. पुन्हा विचारा.

लेव्होडोपा सुरू झाली. ही गोळी मेंदूत पोहोचली की तिचं डोपामिन होतं. डाळ-उसळीच्या जेवणासोबत घेतली तर त्यातल्या प्रथिनांमुळं मला ती नीट लागू पडत नसे, म्हणून डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली. पुढचं वर्ष बरं गेलं.

मग फ्रीझिंग सुरू झालं. म्हणजे चालता चालता पाय जमिनीला खिळतात. वरचं अंग पुढं जातं, पाय मागंच राहतात. मी दोनदा पडले, एकदा शाळेच्या व्हरांड्यात.

माझे सासरे आप्पा. त्यांचं आयुष्य गावच्या राजकारणात गेलं, त्यामुळं लोक काय म्हणतील याचा हिशोब त्यांच्या डोक्यात सतत चालू. त्यांनी मला बोलावलं. "सूनबाई, आता पुरं झालं. राजीनामा द्या. ग्राउंडवर पडलात तर लोकं हसत्याल."

"हसू द्या, आप्पा. पडले तर उठीन," मी म्हणाले. त्यांना उलट बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

आमचे हे रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथं मशिनं बसवायला तैवानहून एक इंजिनिअर आले होते. एका रविवारी ते बायकोला घेऊन आमच्याकडं जेवायला आले. तिला सगळे लिनबाई म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या. हिंदी बिहारी कामगारांच्या बायकांकडून शिकलेल्या.

भाकरीची टोपली घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात खिळले. सगळे ओरडायला लागले, "अगं चल, चल ना!" खिळलेल्या माणसाला असं कधी म्हणू नका, पाय आणखी घट्ट होतात. लिनबाई उठल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या उजव्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "सब वजन इधर. ये भारी. वो पैर खाली. खाली पैर जाएगा."

मी सगळा भार उजवीकडं टाकला. डावा पाय मोकळा झाला, आणि गेला.

पाहुण्यांसमोर रडू नये म्हणून मी पुन्हा आत वळले.

पुढं मी त्यांच्याकडं शिकायला जाऊ लागले. त्या रोज जे करायच्या त्याला ची-कुंग म्हणतात. श्वास, स्थिर उभं राहणं आणि संथ हालचाल, अशी ती चीनमधली जुनी साधना. ताओ हा तिकडचा जुना पंथ मानणाऱ्यांची समजूत अशी की माणसाचं अंग ऋतूंना आणि आकाशाला बांधलेलं असतं. थंडीत शक्ती आत राखायची, हालचाल कमी, उभं राहणं जास्त. वसंतात हातपाय ताणायचे. मी वाद घालायचे, "तुमचा वसंत म्हणजे आमचा चैत्र, आन् चैत्रात इथं अंगाची लाही होते." त्या हसायच्या. "तो तुम्हारा मौसम करो."

सगळ्यात मोलाचं काय, तर त्यांनी शिकवलेली सात ताऱ्यांची चाल. आपले सप्तर्षी, त्यांच्या लेखी ती एक पळी. त्या पळीचा दांडा आकाशात कुठं वळलाय त्यावरून तिकडं ऋतू ओळखत. जमिनीवर तेच सात तारे मांडायचे आणि एकेकावर पाऊल टाकत श्वासाबरोबर चालायचं. फार जुन्या काळी तिकडच्या एका राजानं पुराचं पाणी वळवायला इतकं काम केलं, की त्याचा एक पाय निकामी झाला. पुढं त्याची लंगडी चालच पूजेची चाल झाली, असं लिनबाईंनी सांगितलं. मला तो राजा फार आवडला. त्याला कुणी घरी बसवलं नव्हतं.

ग्राउंड आखायची फक्की मी शाळेतून आणली आणि अंगणात सात ठिपके टाकले. आप्पा काठी टेकत आले. बराच वेळ बघून म्हणाले, "सप्तर्षी व्हय हे? मग वसिष्ठाशेजारची अरुंधती ऱ्हायली की." त्यांनी वाकून स्वतःच्या हातानं एक बारीक ठिपका टाकला. राजीनाम्याचा विषय मात्र सोडला नाही.

चैत्र-वैशाखात तारे संध्याकाळीच वर असतात. पावसाळ्यात फक्की वाहून गेली, मी पडवीत खडूनं ठिपके काढले. दिवाळीनंतर पहाटे सप्तर्षी पुन्हा उत्तरेला वर आले, तेव्हा शाल गुंडाळून बाहेर पडले. चार पावलं सलग पडली की त्या ताऱ्यांकडं बघून मी म्हणायचे, बघा.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तारे तुम्हाला बरं करतायत असं मी म्हणणार नाही. याला आम्ही व्हिज्युअल क्यू म्हणतो, म्हणजे डोळ्यांना दिलेली खूण. पाऊल टाकायची जागा समोर दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करतो. जरूर करा. गोळी सोडायची नाही."

पुण्यात अशाच साधनेच्या एका शिबिराला गेले. तिथले गुरू म्हणाले, श्रद्धा असेल तर गोळ्या सुटतील. मी सगळ्यांदेखत उठले आणि म्हणाले, "एवढ्या लोकांना खड्ड्यात घालू नका." लिनबाईंना सांगितलं, तर त्यांनी एकच शब्द उच्चारला, "झूठा."

प्रजासत्ताक दिनाचं संचलन आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही खुर्चीवर बसा." मी म्हणाले, "खुर्ची पाहुण्यांना द्या."

तुकडीच्या पुढं मी. ढोल सुरू. पाहुण्यांच्या मांडवासमोर, जिथं पुढच्या रांगेत आप्पा बसले होते, तिथंच पाय खिळले. मागून मुलांच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. आणखी दोन पावलं, की ती माझ्यावर आदळली असती.

"कदमताल!" मी ओरडले.

सगळी तुकडी जागच्या जागी पाय आपटायला लागली. ढोल चालू. मी भार उजवीकडं टाकला. समोरच्या मातीत मनानं पहिला ठिपका मांडला. डावा पाय मोकळा झाला.

"आगे बढ!"

मी निघाले. लंगडत निघाले, पण पुढंच निघाले.

घरी आप्पांनी विचारलं, "ते मधीच थांबवलं, ते कशापाई?"

"पाय खिळले होते."

त्यांनी दाराकडं एक नजर टाकली. मग हळूच म्हणाले, "कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. सांगू नका कुणाला."

"उद्या परिपाठाला सगळ्या शाळेला सांगणार आहे," मी म्हणाले, आणि सांगितलं. आजाराच्या नावासकट. एका मुलीनं विचारलं, "बाई, दुखतं का?" म्हटलं, "दुखतं. पण लपवलं की जास्त दुखतं."

लिनबाई आता परत गेल्या. त्यांच्या हाताचं ते वजन अजून माझ्या मांडीवर आहे. माझी गोळीही वाढली. आजार पुढं सरकतोय, हे मी स्वतःपासून लपवत नाही. पण आता सुट्टीत दौंडला गेले की भावाच्या घरामागच्या मैदानात ही चाल शिकायला काही जण जमतात. त्यात रेल्वेच्या इंजिनावर आयुष्य काढलेले एक मामा आहेत. त्यांनाही हाच आजार. पहिल्या दिवशी ते कट्ट्यावरून हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथंच बसून त्यांनी विचारलं,

"बाई, ह्यानं मी बरा व्हनार हाय का?"

"न्हाई, मामा. मीपण न्हाई."

"मग कशाला करायचं?"

"उद्याचं हा आजार नेणारच हाय. आजचं आपण कशाला आपल्या हातानं काढून द्यायचं?"

दोन्ही हात कट्ट्याला रेटून मामा उठायला लागले. त्यांचा जावई धरायला धावला, तर मामांनी त्याला मानेनंच लांब राहायला सांगितलं.